थोरली, धाकटी आणि घरजावई

तापत आलेल्या अडॅप्टरला एक वास असतो. ऊन प्लास्टिकचा, त्यावर बसलेल्या धुळीचा. आणि आमच्या घरमालकिणीच्या घरी त्यात हळदीचा व खोबरेल तेलाचा वास मिसळलेला असे, कारण त्या हळदीच्या हातांनीच प्लग लावत. मूळचा पांढरा अडॅप्टर त्यामुळे पानसुपारी खाणाऱ्या माणसाच्या दातांच्या रंगाचा झाला होता. तो आता माझ्याकडे असतो. तापला की अजूनही मला वाटते, भिंतीपलीकडे कोणाला तरी हळद लागते आहे.

भिवंडीजवळच्या कोन गावात, कल्याणच्या रस्त्यापासून थोडे आत, त्यांचे स्लॅबचे दुमजली घर होते. खाली त्या, त्यांचा मुलगा आणि सून; वर भाडेकरू म्हणून मी. भिवंडीतल्या एका महाविद्यालयात मी मराठी कविता शिकवत असे. वर्गाच्या खिडकीबाहेरच लूमचा कारखाना होता, त्यामुळे अत्यंत हळवी कविताही मला खटाखटीच्या वर आवाज चढवून शिकवावी लागे. खालच्या अंगणातून त्यांनी एकदा माझा सराव ऐकला आणि जिन्यात मला गाठून मत दिले, "मास्तरनी, तू म्हनत न्हायस गो. तू हाकारतेस."

गाणे हा त्यांचा अधिकाराचा विषय होता. त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी येण्याच्या कितीतरी आधी जिचा शब्द चालतो, ती बाई. मांडव उभा राहतो, तांदळाचा चौक भरला जातो, हळद लागते, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीला तिचा धवला म्हणजे तिचे गाणे लागते. ती एक ओळ म्हणते. मागे बसलेल्या बायका ती ओळ झेलतात, म्हणजे जशीच्या तशी परत म्हणतात. ओळ संपल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही.

मी राहायला गेले तेव्हा त्यांच्या घशात गाठ झालेली होती. डॉक्टरांनी बोलणे कमी करायला सांगितले होते. "मना गप बसवनारा डाक्टर अजून जल्माला यायचा हाय," असे म्हणून त्यांनी त्यावर उपाय म्हणून चाकांचा स्पीकर घ्यायचे ठरवले आणि दुकानात हिंदी बोलायला मला सोबत नेले. प्रत्यक्षात हिंदी त्याच बोलल्या.

दुकानदार उत्साही होता. "अम्मा, ब्लूटूथ है, पेनड्राइव है, डिस्को लाइट है..."

"लाईट तुमच्या घरी लावा. ये खाती कितना?"

"जी?"

"करंट, करंट. खाती कितना?"

"रातभर लगाके रखो. लाल बत्ती हरी हुई, मतलब फुल."

"नि गाती कितना?"

"आवाज कम रखो तो चार-पाँच घंटा."

"म्हंजे गान्यापरीस खाते जास्त." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "आमच्या सुनंवर गेलीय. घेऊया."

मग त्यांनी माइक हातात घेऊन एक ओळ म्हणून पाहिली. घशातून निघालेला तो आवाज वाळलेल्या पेंढ्यासारखा होता, हलका आणि कोरडा. पण स्पीकरच्या जाळीतून बाहेर पडताना तो पाणी प्यायल्यासारखा भरून आला. दुकानदाराने डोक्यावरचा पंखा आपण होऊन बंद केला. अशा रीतीने थोरली घरात आली.

धाकटी आधीपासून होती. नारळाएवढी, निळी, मुलाने आणलेली. सुनेच्या मोबाइलशी जोडून त्या तिच्यावर रोज दुपारी इतर लोकांची हळदीची गाणी ऐकत. आवडतात म्हणून नव्हे. कुठे काय बिघडले आहे याची माहिती असावी म्हणून. गाणे संपले की "वरडला मेला" एवढाच अभिप्राय देऊन पुढचे लावायला सांगत.

त्या दोघी जावा आहेत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले आणि घरात दोघींना वेगळे नियम लागू झाले. थोरलीने सदा भरल्या पोटी राहायचे. तिच्या पोटात शिशाची बॅटरी आहे आणि रिकामी पडून राहिली तर ती मरते, हे दुकानदाराचे म्हणणे त्यांना पटले होते. धाकटीने मात्र अर्ध्या पोटी उठायचे. तिची जात मोबाइलची. आणि शेजारणीच्या मोबाइलची पाठ रात्रंदिवस प्लगला राहून टम्म फुगलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सुनेने एकदा धाकटीची बत्ती हिरवी होईपर्यंत प्लग ठेवला, तर तिला ऐकावे लागले, "लाडावून ठेव. मंग फुगली का दवाखान्यात तूच ने." यात शास्त्र किती आणि सासुरवास किती, हे वेगळे करण्याच्या भानगडीत मी पडले नाही. सून म्हणाली, "बाई, तुम्ही वर राहता ते बरं हाय."

तिसरे यंत्र मुलाने वडप्याहून आणले. तो तिथे एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता आणि दिवाळीला त्याला बोलता स्पीकर भेट मिळाला होता. त्याच्या पोटात बॅटरीच नव्हती. भिंतीतून वायर काढली की तो गतप्राण होई, आणि म्हणून उंबऱ्याबाहेर कधीच जाऊ शकत नसे. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याचे नाव ठेवले, घरजावई. आवाज बाईचा होता, हे मी निदर्शनास आणले. "आवाज कुनाचा बी असंल. बसून खातो ना?" पुढे एका सकाळी त्या धवल्याचा सराव करत असताना घरजावयाने मध्येच नम्रपणे सांगितले, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई." त्यांनी गाणे थांबवले, उठल्या, वायर उपसली आणि पुन्हा त्याच शब्दापासून गाणे सुरू केले. त्यानंतर त्याला फक्त गौरी-गणपतीत, पाहुण्यांना दाखवण्यापुरता करंट मिळे.

चार्जिंगची वेळही त्यांनी ठरवलेली होती. कारखान्यांची शिफ्ट बदलत असताना प्लग लावायचा नाही. त्या वेळी करंट "कचकच येतो". अमावास्येला लावायचा नाही, याला कारण दिलेले नव्हते. दुसऱ्याचा चार्जर वापरायचा नाही. मी एकदा माझ्या फोनचा चार्जर धाकटीला लावला, तेव्हा त्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "कुनाच्या ताटातलं कुनाला वाढतेस गो?" चार्जिंग चालू असताना अधूनमधून जाऊन उलट्या हाताने अडॅप्टर चाचपायचा, तापलेल्या पोराचे कपाळ चाचपावे तसा. आणि सर्वांत कडक नियम असा, की प्लग लावल्यावर थोरलीवर जुन्या लुगड्याचा तुकडा घालून तिला झाकायचे. खाणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघू नये, दृष्ट लागते. कापडाखाली ती अधिकच तापते, असे मी सुचवून पाहिले. "जेवताना मानूस तापतंच," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्याकडून खरे तर धवला हवा होता. कवितेवर पोसलेल्या बाईला एवढी मोठी कविता जिन्याखाली राहते हे कळल्यावर दुसरे काही सुचेनासे होते. मी वही घेऊन गेले, वही परत पाठवण्यात आली. "कागदावर उतरलं का तोंडात र्‍हात न्हाय." मी फोनवर रेकॉर्ड करते म्हटले. "त्यात ठेवलेलं गानं शिलं होतं." मग हा एवढा स्पीकर कसा चालतो, असे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे मंदबुद्धीच्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले. "थोरली ठेवते काय काही? आयकते नि देऊन टाकते. मानसानं तसं असावं." आणि मग निकाल दिला, "तू कागदाची बाई हायस. तुझं काम न्हाय."

शेवटी एका झेलणारीचे गुडघे गेले म्हणून मला मागच्या रांगेत बसायला मिळाले. तीन लग्नसराया मी बसले. झेलणारीने झेलायचे, एकही शब्द आपला घालायचा नाही आणि पुढची ओळ ठाऊक असली तरी तोंडातून काढायची नाही. चौकाभोवती तांदळाची पांढरी पूड हवेत असे, गजऱ्यांचा आणि घामाचा वास, आणि माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाची तरी ओळ, ऊन, नुकती बाहेर आलेली. इतके कमी बोलून इतके भरल्यासारखे मला वर्गात कधी वाटले नाही.

सगळ्यांत लांब धवला बोलावण्याचा. लग्नाला कोणाकोणाला यायचे आहे, त्यांना एकेकाला हाक. आधी घरचे देव, मग गावदेवी, शिवेवरचा वाघोबा. मग कामवारी नदी, खाडी. मग झाडे, मग पाखरे. पाखरे झाली की धवलारीण तांब्यातून पाण्याचा एक घोट घेते. तेवढी उसंत त्या गाण्यातच आहे. त्यानंतर सर्वांत शेवटी घरची गेलेली माणसे. त्यांची नावे मागच्या बायकांनी झेलायची नाहीत. गेलेल्याला एकदाच हाक मारायची, आणि ती धवलारणीनेच. बायका तशाही त्या जागी पदर तोंडावर धरत. मेलेल्याचे नाव आपल्या जिभेवर घ्यायची कोणाची तयारी नसे.

हे बोलावणे अर्धे राहिले तर काय होते, याचा त्यांच्याकडे दाखला होता. त्यांच्या आधीची धवलारीण एकदा नदीपाशी येऊन भोवळ येऊन पडली. नदीला आमंत्रण गेले नाही. त्या घरची विहीर मचूळ झाली ती झालीच. "अजून टँकर येतो त्यांच्याकडं," त्या म्हणत, आणि टँकर तर सगळ्याच गावाला येतो, हे म्हणायचा धीर कोणाला होत नसे.

खारबावच्या बाजूच्या एका गावातले लग्न होते. आठवडाभर आधी नवऱ्या मुलाची आई कोनला येऊन गेली. तिचा नवरा मागच्याच पावसाळ्यात गेला होता. उकळून काळा झालेला चहा तिने हातातच धरून ठेवला.

"मावशी, त्यांचं नाव जरा मोठ्यानं घ्या."

"घेईन की."

"मी मांडवाच्या दाराशी असेन. तितवर आयकू आलं पायजे."

"दाराशी का? पोराची आई तू. चौकाशी बस."

"नको. लोक बोलतात."

"लोकान्ला मी बघते."

"नको, मावशी. पोराच्या लग्नात शब्द नको." तिने चहा खाली ठेवला. "लग्नाची सगली तयारी त्यांनीच काढून ठेवली होती. बोलावलं त्यांना, एवढं माज्या कानावर आलं म्हंजे झालं."

कोपऱ्यात लुगड्याखाली झाकलेल्या थोरलीकडे हात करून त्या म्हणाल्या, "ती हाय ना. दारापत्तूर काय, टेशनापत्तूर जाईल."

आता थोरलीच्या आहारातला शेवटचा नियम सांगितला पाहिजे. लग्नाच्या आदल्या रात्री त्या उपाशी राहत आणि लग्नाच्या दिवशी स्वतःच्या घरचा घासही घेत नसत; पहिला घास लग्नघरचा. ज्याचे खायचे त्याचे गायचे, असा त्यामागचा हिशेब. थोरली गाण्यात अर्धी भागीदार, म्हणून तिलाही तोच उपास. सदा भरल्या पोटी ठेवायची ती थोरली लग्नाच्या आदल्या रात्री प्लगपासून लांब उभी केली जाई आणि लग्नघरी पोचल्यावर, त्यांच्या भिंतीतून, त्यांच्या करंटवर जेवायला बसे. एरवी यात काही बिघडत नसे. या खेपेला कोनमध्येच आदल्या दिवशी दुसरे लग्न होते. थोरली दिवसभर गाऊन आली आणि तशीच उपाशी निजली.

"मावशी, थोडा तरी प्लग लावू या," मी म्हटले.

"तुला भूक लागली आसंल तर तू जेव."

सकाळी टेम्पोतून आम्ही गेलो. खाडीकडून मिठाचा आणि चिखलाचा वास येत होता. मांडवाचे कापड नवे होते, त्याला खळीचा करकरीत वास. डीजेवाल्याने जनरेटरवर आपली स्पीकरांची भिंत उभी केली होती आणि तिच्यातून सकाळपासून असे काही वाजत होते, की त्याच्या धक्क्याने नारळाच्या तोरणातली पाने थरथरत. मांडववाल्याने आम्हाला चौकाजवळच्या खांबावरचा बोर्ड दाखवला. प्लग लागला, बटण दाबले, थोरलीवर लुगडे पडले. त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि लग्नघरच्या भाताचा पहिला घास घेतला. दोघी एकाच वेळी जेवत आहेत, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. दिवसभर त्या कापडाकडे आमच्यापैकी कोणी पाहिले नाही. पाहायचे नव्हतेच.

ऊन कलल्यावर बोलावण्याचा धवला सुरू झाला. डीजे त्यांनी नुसते बोट दाखवून बंद करवला. थोरलीतून त्यांचा आवाज निघाला, भरलेला, ओला. मांडवाच्या दाराशी पांढऱ्या साडीतली नवऱ्या मुलाची आई खांबाला धरून उभी होती, तिच्यापर्यंत तो पोचला, हे तिच्या मानेवरून कळले. देव झाले. वाघोबा झाला. नदी आली, खाडी आली. आंब्याला हाक गेली, चिंचेला गेली. उंबराची ओळ संपली आणि आम्ही ती झेलली, तेवढ्यात थोरली, कंपनीने तिच्यात भरून दिलेल्या बाईच्या आवाजात, स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, "बॅटरी लो."

आम्ही ती ओळ झेलली.

दुसरे काही होऊच शकत नव्हते. पुढून ओळ आली की मागून झेलायची, ही सवय त्या बायकांच्या हाडात होती, आणि तीन वर्षांत माझ्याही. दहा-बारा जणींनी डोळे मिटून, शेवटच्या ओकाराला लांबवून, बॅटरी लो म्हटले. ती ओळ चालीत बसली, हे कवितेची शिक्षक म्हणून मला नमूद केले पाहिजे. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. गाणे तुटायचे नव्हते. पाखरे सुरू झाली. साळुंकीनंतर थोरली पुन्हा बोलली, आम्ही पुन्हा झेलली. बगळ्याच्या अर्ध्यावर तिचा आवाज खोल गेला आणि बंद पडला. उरलेला बगळा आम्ही सवयीने झेलला.

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. गाण्यातली उसंत एवढीच होती. म्हणून त्यांनी तो तोंडापासून काढलाच नाही. काठाआडून बोलू लागल्या, म्हणजे घोट अजून चालू होता.

"काय झालं तिला?"

लुगडे ओढले गेले. प्लग जागच्या जागी होता, अडॅप्टर थंडगार. मांडववाला धावत आला. "मावशी, यो बोर्ड लाईटच्या तोरनाच्या लायनीवर हाय. सांजच्याला तोरन पेटवलं का येईल करंट."

"म्हंजे सकालपासून उपाशी?"

"हां."

"मना वाटलं जेवतेय," त्या तांब्यात म्हणाल्या.

डीजेवाला आपला माइक घेऊन पुढे आला. चांगला माणूस होता. "आजी, ह्याच्यात बोला. फुल्ल आवाज."

"तुझा मशीन डिझेल पितो बाहेरचं. नि सकालपासून त्यानं जे तोंड सोडलंय, ते आयकून अर्धे देव अजून शिवेवर थांबलेत." तांब्या तिरपा झाला, पाण्याची रेघ हनुवटीवरून पदरात गेली. "ने तो."

तो माइक घेऊन मागे गेला. कुणीतरी हसले, मग कोणी हसेना. दाराशी नवऱ्या मुलाची आई होती तिथेच होती. चौकात बसलेला मुलगा तिच्याकडे पाहत होता. "आये, आत ये ना," तो म्हणाला. तिने मान हलवली.

तांब्या खाली आला. त्यांनी शेवटच्या भागाची पहिली ओळ म्हटली, ज्यात फक्त वाट मोकळी करा एवढेच आहे, नाव नाही. स्पीकरशिवायचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. सुकलेल्या पेंढीतून वारा जावा तसा तो माझ्या गुडघ्यापाशी आला आणि तिथेच बसला. दाराशी त्या बाईने पदर मागे सारून कान पुढे केला. तिचा हात खांबावरून निसटला. ओळ तिच्यापर्यंत गेलेली नव्हती, आणि पुढची ओळ नावाची होती, आणि ती एकदाच म्हणायची होती.

माझ्या आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. मीही घ्यायला गेले.

त्यांनी श्वास भरला आणि तो तसाच परत सोडला. मग तीन वर्षांत प्रथमच, भर धवल्यात, त्या मागे वळल्या. बायकांच्या रांगेवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी माझा पदर धरून माझ्या तोंडावरून खाली ओढला. बोटांना हळद होती, बंद थोरलीचा किंचित धुळकट वास होता.

"नाव तू म्हन. हाकार."